लाभ, दोन, तीन

त्रिवेणीबाईंना पहिला धक्का बसला तो एप्रिलातल्या एका रविवारी, जेवणाच्या टेबलावर, हातात ज्वारीची भाकरी असताना.

"आई, मेच्या शेवटी आपण सगळे क्रीटला जातोय," सून मृण्मयी म्हणाली. "ग्रीसचं बेट आहे. अगदी समुद्राच्या काठावर हॉटेल घेतलंय. किशोरची चाळिशी तिथंच साजरी करायची. तिकिटं झाली, तुमचा व्हिसा तेवढा राहिलाय."

मृण्मयी पुण्याची. वर्षभर आधी ठरवायचं आणि महिनाभर आधी सांगायचं, ही तिची पद्धत. सासूबाई हरखून जातील अशी तिची समजूत होती. सासूबाईंनी हातातली भाकरी ताटात ठेवली. समुद्र आणि चाळिशी, ह्यांतला एक शब्द जरी कानावर पडला असता तरी तेवढाच त्यांना पुरला असता. इथे दोन्ही एकदमच आले होते.

"मला कायकू घेऊन चाल्लाव?" त्या म्हणाल्या. "मी घर बघते की. समुद्रात काय ठुलंय असं?"

"अकराव्या मजल्यावरच्या घराला काय बघायचंय?" लेक हसला. "आणि तू नसलीस तर आम्हाला मोजणार कोण?"

ह्यावर सगळेच हसले, कारण त्रिवेणीबाईंचं मोजणं हा घरातला जुना विनोद होता. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या एका बालवाडीत त्यांनी बावीस वर्षं आया म्हणून काढली होती. सकाळी मलकपेठेहून बस धरायची, पोरांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, आणि दर अर्ध्या तासाला प्रत्येक डोक्यावर हात ठेवून मोजायचं. तेही साधं एक, दोन, तीन असं नाही. खळ्यावर धान्य मापताना शेतकरी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. त्यांचे मालक उमाजी अफझलगंजात एका धान्याच्या दुकानी मापाडी होते, त्यांच्याही तोंडात तेच असायचं. म्हणून त्रिवेणीबाईही पोरं तशीच मोजायच्या. लाभ, दोन, तीन, चार. बालवाडीच्या बाईंना वाटायचं, ही बया पोरांना ज्वारीची पोतीच समजते.

घरातही तेच. बाहेर निघायचं झालं की लिफ्टच्या दारात त्या हात हवेत धरून म्हणायच्या, "लाभ." मग लेकाच्या खांद्यावर, "दोन." सुनेकडे बघून, "तीन." मग नातीच्या डोक्यावर, नातवाच्या डोक्यावर. चार, पाच. धाकटा कौस्तुभ एकदा इंग्रजीत म्हणाला होता की आजी, आम्ही तर चारच आहोत. मृण्मयीने त्याला समजावलं, अरे, आजी स्वतःला धरून मोजते. मुलाचं समाधान झालं. पण त्रिवेणीबाई स्वतःला धरून मोजत नव्हत्या. आया स्वतःला कधीच मोजत नाही.

त्यांच्या आणखी काही तऱ्हा होत्या. घरात भरलेली बादली त्या उभी राहू द्यायच्या नाहीत. लेकाला जन्मात कधी त्यांनी 'किशोर' म्हणून हाक मारली नव्हती. तो मोठ्या कंपनीत मॅनेजर झाला, दोन पोरांचा बाप झाला, तरी त्यांचा 'बबलू' काही सुटला नाही. त्याच्या वाढदिवसाच्या केकला त्या कधी शिवल्या नाहीत. अंड्याचा असतो म्हणायच्या, आणि बिनअंड्याचा आणला तर उपास आहे म्हणायच्या. आणि कार्तिकात वैकुंठ चतुर्दशीला मात्र त्याला पाटावर बसवून औक्षण करायच्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, नवस हाय. एवढं उत्तर कुठल्याही मराठी घरात पुरतं.

आता ह्या सगळ्यामागचं कारण सांगून टाकतो. घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असलेला एकुलता एक माणूस, उमाजी, सहा वर्षांपूर्वी ते बरोबर घेऊन गेला होता.

त्रिवेणीबाईंना दोन मुलगे झाले. पहिला तालुक्याच्या दवाखान्यात, बाळंतपण अडलं म्हणून बैलगाडीतून नेलं तेव्हा. तारीख अठ्ठावीस मे. त्याचं थाटात बारसं झालं आणि नाव ठेवलं किशोर. दवाखान्यातून जन्माचा कागदही मिळाला. दीड वर्षाने दुसरा झाला, तो देगलूरकडच्या त्यांच्या शेतातल्या आखाड्यावरच्या खोपटात, कार्तिकात. त्याच आठवड्यात सासू वारली, सुतक आलं, बारसं पुढं ढकललं आणि ते राहिलं ते राहिलंच. सगळे बबलू म्हणू लागले. कागदाचं नाव तर कुणी काढलंच नाही.

किशोर सव्वाचार वर्षांचा असताना, पोळ्याच्या आदल्या दिवशी, उमाजी बैल धुवायला तळ्यावर गेले. पोरगा हट्ट करून मागे गेला. उमाजी बैलाचा खांदा चोळत होते, पोरगा काठावर होता. मग नव्हता. तळं पावसाने गढूळ झालं होतं, टाकलेला हातसुद्धा दिसत नव्हता.

त्यानंतर उमाजींनी बैल विकले, जमीन भावाच्या हवाली केली आणि बायको-पोराला घेऊन ते हैदराबादला आले. पुन्हा गावाचं तोंड पाहिलं नाही. मलकपेठेत खोली घेतली. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा हेडमास्तरांनी जन्माचा कागद मागितला. उमाजींनी ट्रंक उघडली. कागद एकच होता, तो त्यांनी नेऊन दिला. साडेचार वर्षांचं पोर त्या दिवसापासून सहा वर्षांचं झालं आणि त्याचं नाव किशोर झालं.

"कागद हाय, नाव हाय, वाया कायकू घालवायचं?" उमाजी म्हणाले. पण पुढे कुणी तरी त्यांच्या डोक्यात भरवलं की हा गुन्हा आहे, आणि त्यांचं धाबं दणाणलं. "तोंड उघडलीस तर पोराची शाळा जाईल," असं ते बायकोला बजावत. मग शाळेच्या जागी कॉलेज आलं, कॉलेजच्या जागी नोकरी. तोंड उघडायची वेळ दर वर्षी आणखी एक वर्ष पुढं गेली.

आणि आता सून म्हणत होती, चाळिशी साजरी करायची. ज्याला चाळीस होणार तो तळ्यात राहिला, ज्याला केक भरवणार त्याला अडतीस होऊन सहा महिने झालेले. तेही समुद्रावर. शिवाय कौस्तुभ फेब्रुवारीतला. त्रिवेणीबाईंनी बोटं मोजली. मेअखेर तो बरोबर सव्वाचार वर्षांचा होत होता.

जायचं नाही म्हणायला तोंड नव्हतं, मग कारण सांगावं लागलं असतं. आणि न गेलं तर पोराकडं बघणार कोण? त्यांनी मनाशी दोनच गोष्टी पक्क्या केल्या. हे पोर कोरडं घरी आणायचं, आणि तोंड बंद ठेवायचं.

विमानतळावरच्या पोलिसाने लेकाचा पासपोर्ट हातात घेतला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. त्याने शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. सरकार फसलेलं पाहून त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांना उलट रागच आला. एवढी मोठी खुर्ची, एवढं मशीन, आणि समोरचं माणूस दीड वर्षाने लहान आहे हे कळत नाही!

क्रीटला पोचल्यावर मात्र त्यांचा अंदाज चुकला. समुद्र त्यांनी सिनेमात पाहिला होता, लाटा आपटणारा, गढूळ, आरडाओरडा करणारा. हा तसा नव्हताच. पाणी इतकं नितळ की गुडघाभर आत उभ्या माणसाची नखं मोजावीत. तळाचे खडे दिसत होते, खड्यांमधले बोटाएवढे मासे दिसत होते. सून विचारत होती, "आवडलं का, आई?" आणि त्रिवेणीबाईंच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती. असं पाणी असतं तर दिसला असता.

दुसरा धक्का त्यांना तिथल्या लेकुरवाळ्या बायकांचा बसला. कपडे किती घातले आणि किती नाही, ह्यात त्यांना काडीचा रस नव्हता. पण पाण्यात दोन-दोन वर्षांची पोरं, आणि त्यांच्या आया पाण्याकडं पाठ करून पुस्तक वाचतात! एक गोरी बाई तर तोंडावर टोपी ठेवून चक्क झोपली होती. तिचं रांगतं पोर लाटेच्या रेघेवर शिंपले चाटत होतं. त्रिवेणीबाईंनी बावीस वर्षांच्या नोकरीत असली आई पाहिली नव्हती. त्या उठल्या, पोर उचललं, झोपलेल्या बाईच्या पोटावर नेऊन ठेवलं आणि परत येऊन बसल्या. ती बाई दचकून उठली, काहीतरी बोलली, मग हसली.

"आई, असं नाही करायचं इकडे," मृण्मयी कानकोंडी होऊन म्हणाली.

"मग कसं करायचं? बुडू द्यायचं?"

कौस्तुभची व्यवस्था त्यांनी हैदराबादेतूनच करून आणली होती. जुन्या सुती लुगड्याची लांब पट्टी फाडून, पिळून, तिचं एक टोक त्याच्या कमरेला आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला. वासराला दावं बांधावं तसं. पोर पाण्याच्या कडेला वाळूचे किल्ले करत होतं आणि आजी छत्रीखाली मनगट सावरून बसली होती. सात वर्षांची तन्वी लाजेने पार दुसऱ्या छत्रीखाली जाऊन बसली. जाणारे-येणारे थांबून बघत. एका म्हाताऱ्या ग्रीक बाईने तर जवळ येऊन गाठ तपासली, मान डोलावली आणि त्रिवेणीबाईंच्या हातात एक संत्रं ठेवलं. अख्ख्या बेटावर शहाणं माणूस एवढं एकच, असं त्यांचं मत झालं.

दोन दिवस दाव्यात गेले. मधून मधून मोजणं चालूच होतं. लाभ, दोन, तीन, चार, पाच. तिसरा दिवस उजाडला, अठ्ठावीस मेचा.

सकाळी पाण्याशी येताच लेकाने खाली बसून कौस्तुभच्या कमरेची गाठ सोडली.

"काय करूलालास रे?" त्रिवेणीबाई ओरडल्या.

"आज माझा वाढदिवस आहे, आई. आज दोरी नाही. मी आहे ना त्याच्याबरोबर? मला येतं पोहायला."

"तुला? कधीपासून?"

"ऑफिसच्या क्लबात शिकलो. चार वर्षं झाली. तुला सांगितलं असतं तर तू क्लबाचं पाणी सोडून दिलं असतंस."

म्हणजे हाही आपल्यापासून लपवतो. त्रिवेणीबाई हबकल्या, आणि दुसऱ्याच क्षणी मनातून वरमल्या. लपवण्याबद्दल बोलायचा हक्क त्यांना कुठे होता? बापलेक पाण्यात शिरले. पाणी लेकाच्या मांड्यांपर्यंत, नातवाच्या छातीपर्यंत. नातवाच्या डोक्यावर पिवळी टोपी होती, ती त्यांनी नजरेने धरून ठेवली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तेवढ्यात तन्वी पायात खडा रुतला म्हणून रडत आली. त्यांनी खाली वाकून तिचा पाय पाहिला, खडा काढला, वर बघितलं आणि सवयीने मोजायला लागल्या.

लाभ. दोन, कमरेएवढ्या पाण्यात वाकून उभा. तीन, छत्रीखाली फोनवर. चार, ही मांडीशी. पाच.

पाच नव्हता. पिवळी टोपी पाण्यावर एकटीच तरंगत होती.

पुढे काय झालं ते त्यांना स्वतःला नीट सांगता आलं नाही, बाकीच्या साऱ्या किनाऱ्याने मात्र पाहिलं. अडुसष्ट वर्षांची बाई लुगडं न खोचता, चपला न काढता, जन्मात पहिल्यांदा समुद्रात धावत शिरली आणि घसा फाटेल अशा आवाजात ओरडत राहिली, "किशोऽर! किशोऽर! धरा हो त्याला! किशोऽर!"

पुस्तकं वाचणाऱ्या आया उभ्या राहिल्या. लेक गर्रकन वळला. "आई! इथंच आहे मी! काय झालं?" तो एक हात पुढे करत म्हणाला. त्रिवेणीबाईंनी त्याला दोन्ही हातांनी बाजूला ढकललं आणि पाण्यात हात घालून कौस्तुभला वर ओढलं. पोराच्या डोळ्यांना पोहायचा चष्मा होता. बापाने कमरेला धरलेलं असताना ते तोंड पाण्यात घालून मासे बघत होतं. मासे पळाले म्हणून ते भोकाड पसरून रडायला लागलं. आजीने त्याला इतकं घट्ट धरलं होतं की तो चष्मा तिच्या गालात रुतला.

काठावर आल्यावर मृण्मयीने पोराला कसंबसं सोडवून घेतलं. त्रिवेणीबाई ओल्या वाळूत मटकन बसल्या. लुगड्यातून पाणी गळत होतं. लेक शेजारी बसला. तो आईच्या तोंडाकडे नवलाने बघत होता.

"आई, तू मला किशोर म्हणालीस. पहिल्यांदा. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा."

त्रिवेणीबाईंनी समुद्राकडे पाहिलं. चौतीस वर्षं दाबून धरलेलं झाकण एकदा सरकलं होतं, ते आता परत बसणार नव्हतं.

"तुला नाही म्हणाले," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. तळं, बैल, पोळा, ट्रंक, कागद, हवेतला तो 'लाभ'. आवाज चढवला नाही, रडल्याही नाहीत, बालवाडीत एखाद्या आईला पोराच्या दिवसाचा हिशेब सांगावा तसं सरळ सांगितलं. मृण्मयी आधी उभ्याने ऐकत होती, मग तीही वाळूत बसली. "म्हणजे किशोर... किशोर नाही?" एवढंच ती दोनदा म्हणाली. मग मुलांना घेऊन आइस्क्रीमच्या दुकानाकडे निघून गेली, आणि त्रिवेणीबाईंना सुनेचं शहाणपण तेव्हा पहिल्यांदा मनापासून पटलं.

नोकरी जाईल, पासपोर्ट जाईल, पोलीस येतील, अशी भाषा त्या ऐकायला तयार होऊन बसल्या होत्या. पण लेकाने विचारलं ते त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आई, पहिलीत गेलो तेव्हा मी साडेचार वर्षांचा होतो?"

"हौ."

"बाई मला मठ्ठ म्हणायच्या. पाटीवर अक्षर गिरवता यायचं नाही म्हणून दाराबाहेर उभं करायच्या. वर्गात सगळ्यांत बुटका मी. कबड्डीत कुणी घ्यायचं नाही. दहावीला सगळ्यांना मिशा फुटल्या, मला नाही. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. आजही, आई. मीटिंगला जायच्या आधी मी सगळं तीनदा वाचतो. बाकीच्यांना एकदा वाचून कळतं, आपण मठ्ठ आहोत, असं वाटतं म्हणून." त्याने तळहाताने डोळे पुसले. "मी मठ्ठ नव्हतो. मी लहान होतो. आणि तुला माहीत होतं."

त्रिवेणीबाईंना वाटलं होतं, आजच्या दिवसात बसायचे ते सगळे धक्के बसून झाले. पण हा सगळ्यांत मोठा होता. बरकतपुऱ्यात साडेचार वर्षांची किती पोरं त्यांच्या मांडीवर झोपली होती! कुणाची आई तक्रार करायला लागली की पोराला अजून अक्षर येत नाही, तर ह्याच त्रिवेणीबाई तिला रागावून सांगायच्या, "लेकरू हाय ते अजून. आत्ताच काय त्याचं?" आणि त्याच वेळी मलकपेठेत त्यांचं स्वतःचं लेकरू दाराबाहेर उभं असायचं. संध्याकाळी ते गप्प गप्प घरी यायचं. त्यांना वाटायचं, शांत आहे. गेलेल्यासाठी त्या सारी वर्षं झुरल्या, आणि राहिलेल्याला काय सोसावं लागलं ते त्यांनी एकदाही मोजलं नव्हतं.

"चुकले रे," त्या म्हणाल्या. "बबलू, लई चुकले."

"मग माझं नाव काय, आई?" तो म्हणाला. रडता रडता त्याला हसू येऊ लागलं होतं. "खरं नाव?"

"बारसंच झालं नाही. बबलूच."

एवढ्या मोठ्या कंपनीच्या एवढ्या मोठ्या मॅनेजरने वाळूत डोकं टेकलं आणि तो हसत सुटला. हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्रिवेणीबाई त्याच्या पाठीवरची वाळू झाडत राहिल्या.

संध्याकाळी समुद्रालगतच्या एका खानावळीत केक यायचा होता. मृण्मयीने हळूच विचारलं, रद्द करू का? आकडा तरी बदलून घेऊ का?

"नको," तो म्हणाला. "चाळीस ज्याला झाली त्याला झालीच आहेत. केक त्याचा आहे. आपण कापू."

केक आला. त्यावर मेणबत्तीचा चार आणि मेणबत्तीचं शून्य. तन्वीने टाळ्या वाजवल्या, खानावळीचा मालकही कुठलंसं गाणं म्हणाला. बबलूने सुरी आईच्या हातात दिली आणि तिच्या हातावर स्वतःचा हात ठेवला. पहिला तुकडा त्याने आईपुढे धरला. त्रिवेणीबाईंनी तो अंड्याचा आहे का विचारलं नाही. तोंडात घेतला आणि सावकाश खाल्ला. खाता खाता त्यांच्या मनात आलं, आपण समजत होतो किशोर सव्वाचार वर्षांवर थांबला. पण धाकट्याने त्याला थांबू दिलंच नव्हतं. दर वर्षी त्याच्या नावाने फुंकर मारून, वाढवत वाढवत, त्याला चाळिशीपर्यंत आणून पोचवलं होतं, आणि त्याला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. मग मात्र त्या रडल्या. छत्तीस वर्षांचं रडू होतं, वेळ लागला.

उरलेले तीन दिवस कौस्तुभ बापाचा हात धरून पाण्यात जात होता. त्रिवेणीबाई काठावर बसत, नजर हलवत नसत, तरी दावं त्यांनी पिशवीतून काढलं नाही. एक गोष्ट मृण्मयीच्या लक्षात आली. सासूबाई आता साधं मोजत होत्या. एक, दोन, तीन, चार. हात हवेत जात नव्हता. सांगून टाकल्यावर त्यांना त्या हवेतल्या हाताची लाज वाटू लागली होती, राहिलेल्याचा हक्क आपण त्या हाताने मारला असं वाटत होतं.

हैदराबादला उतरले तेव्हा दुपार होती. खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट उघडून विचारलं, नाम? लेकाने आईकडे एकदा पाहिलं, मग सांगितलं, "किशोर उमाजी." शिक्का पडला. कागदाचं पुढे काय करायचं, वकिलाला विचारायचं की नाही, हे घरी जाऊन बघू, असं नवरा-बायकोत ठरलं होतं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. टॅक्सी आली, पेट्या चढल्या, पोरं पेंगुळली होती. त्रिवेणीबाई दाराशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी लेकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"एक," त्या म्हणाल्या.

"चुकलीस, आई."

त्याने त्यांचा हात आपल्या खांद्यावरून अलगद उचलला आणि शेजारी, रिकाम्या जागेवर, सव्वाचार वर्षांच्या पोराचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर धरला.

"लाभ," तो म्हणाला.

मग तोच हात त्याने परत आपल्या खांद्यावर ठेवला.

"दोन. आता पुढं मोज."